ओटावापासून किती मुक्काम

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या आर्क्टिक बे गावाच्या विमानतळावर हवेची नोंद ठेवायला दोन माणसं होती, त्यातली एक रोडा. विमानतळ म्हणजे खडीची एक धावपट्टी, तिच्या कडेला निळ्या पत्र्याची इमारत, आणि इमारतीच्या टोकाला रोडाची काचेची खोली. तासातासाला बाहेर जायचं, ढग किती खाली आलेत, वारा कुठून आहे, समोरचा डोंगर दिसतो की नाही ते पाहायचं, आणि जे दिसलं ते लिहून कळवायचं. विमान जवळ आलं की तेच रेडिओवरून पायलटला सांगायचं. उतरायचं की नाही ते पायलट ठरवायचा. पण पायलटला वरून खालचं काही दिसत नसे, तेव्हा त्याचे डोळे म्हणजे रोडाच.

रोडा हे बाप्तिस्म्याचं नाव. घरातलं नाव कल्लूक, म्हणजे तिच्या आईच्या वडिलांचं. म्हातारा वारला त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हणून त्याचं नाव तिच्याकडे आलं, आणि नावाबरोबर नातंही आलं. आई उयाराक तिला पाळण्यात असल्यापासून ‘बाबा’ म्हणायची. रोडा आईला ‘पोरी’ म्हणायची. धाकटा भाऊ लीवाय तिला ‘आजोबा’ म्हणून हाक मारायचा. लहानपणी मान द्यायला, आणि मोठेपणी बहुतेक वेळा चिडवायला.

उयाराकला विसर पडू लागला तो आधी लहानसहान गोष्टींचा. मग एकदा जानेवारीच्या अंधारात ती कोट न घालता घराबाहेर पडली, आणि शाळेजवळ बर्फावर बसलेली सापडली. दोन बोटांची टोकं काळी पडली. दवाखान्यातल्या बाईने सांगितलं, हिला चोवीस तास माणूस लागेल. लीवाय पाण्याचा टँकर चालवायचा, रोडा विमानतळावर, रोडाचा नवरा खाणीवर पंधरवडा-पंधरवडा. गावात अशा म्हाताऱ्यांसाठी जागा नव्हती. जवळपासच्या कुठल्याच गावात नव्हती. जागा होती ती ओटावाला.

तिथल्या वृद्धाश्रमातली माणसं चांगली होती. कुणी आवाज चढवत नसे. गावाकडची इनुक्तितुत भाषा बोलणाऱ्या दोघी-तिघी मुली कामाला होत्या. रविवारी त्यांच्यातली एक फोन लावून उयाराकच्या कानाशी धरायची.

“बाबा, इथून घर किती लांब आहे?”

“तीन हजार किलोमीटरच्या वर, पोरी.”

“ते मला काय कळणार?”

“विमानाने इकालुइतपर्यंत तीन तास. तिथून आपल्याकडे आणखी तीन-साडेतीन.”

“तास नको सांगू. मुक्काम सांग. किती मुक्काम?”

इथे रोडाची पंचाईत व्हायची. म्हातारी पाण्याकाठच्या तंबूत जन्मलेली. वाट किती लांब हे तिच्या लेखी रस्त्यात किती वेळा झोपावं लागतं त्यावर ठरे. कुत्र्यांच्या गाडीने कुणी ओटावाहून निघालंय का? रोडा कधी म्हणायची, खूप. कधी म्हणायची, एकच, इकालुइतला. ‘एकच’ म्हटलं की उयाराक अगदी समजुतीच्या सुरात विचारायची, “एकच मुक्काम आहे, तर मग न्यायला का येत नाहीस?”

दोन वर्षं असे रविवार गेले.

एप्रिल संपता संपता ओटावाच्या डॉक्टरचा फोन आला. उयाराकची मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. यंत्राला जोडायचं वय नव्हतं आणि तिची तयारीही नव्हती. सुई दिसली की ती हात मागे घेत होती. डॉक्टर म्हणाला, काही आठवडे, कदाचित कमी. घरी न्यायची असेल तर आत्ताच न्या, पुढे प्रवास झेपणार नाही.

रोडाने एका दिवसात सगळं जुळवलं. मावसबहीण सेलिना ओटावाला उपचारासाठी गेलेली होती, ती परत येताना बरोबर आणणार होती. लीवायने आईची खोली रिकामी केली. सीलचं मांस शेजारच्यांनी आणून दिलं. एकच गोष्ट राहिली. विमान यायचं त्या दिवशी रोडाची ड्यूटी होती, आणि दुसरा नोंदणारा प्रशिक्षणाला गेला होता.

“म्हणजे आईला तूच उतरवून घेणार,” लीवाय म्हणाला. “बरं झालं की. आजोबा, हवा जरा नीट ठेवा.”

“हवा माझ्या हातात असती तर फेब्रुवारीच्या वादळात तुला टँकर ढकलत न्यायला लावलं असतं का मी?”

तो हसला. दोघंही त्या आठवड्यात खूप हसत होती.

मे महिन्यात सूर्य मावळत नाही. विमानाच्या दिवशी सकाळी उजेड लख्ख होता, आणि रोडा कामावर पोचली तेव्हा समोरच्या डोंगराची प्रत्येक कपार दिसत होती. इकालुइतहून विमान सुटल्याची खबर आली. सेलिनाने निघताना फोन केला: म्हातारी खिडकीजवळ बसली आहे, चहा प्यायली, कुठे चाललोय ते तिला कळलंय असं वाटतं.

दहाच्या सुमाराला खाडीच्या तोंडाकडून धुकं आलं. आधी बर्फाच्या कडेला एक पांढरी रेघ दिसली. पुढच्या नोंदीला रोडा बाहेर गेली तेव्हा डोंगराचा माथा नाहीसा झाला होता. मग कंबर. मग धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाचे दिवे पुसट होऊ लागले. रोडाने लिहिलं, कळवलं, पुन्हा बाहेर गेली. वारा जवळजवळ पडला होता. वारा असता तर काही आशा होती.

इमारतीच्या दुसऱ्या बाजूला माणसं जमली होती. लीवाय स्नोमोबाईलला, म्हणजे बर्फावरच्या मोटारगाडीला, मागे स्लेज जोडून आला होता, त्या घसरगाडीवर कॅरिबू हरणांची कातडी अंथरलेली. तो दार ढकलून काचेच्या खोलीत आला. तिथे यायला कुणाला परवानगी नव्हती. रोडाने त्याला आत राहू दिलं.

रेडिओवर रेजाँचा आवाज आला. क्वेबेकचा हा पायलट कित्येक वर्षं याच मार्गावर होता. रोडाने त्याला समोरासमोर मोजकंच पाहिलं असेल, पण आवाज घरच्यासारखा ओळखीचा.

“रोडा, काय दिसतंय?”

तिने सांगितलं. दृश्यमानता अर्धा किलोमीटर, कधी त्याहून कमी. ढगांचा तळ जवळजवळ जमिनीला.

“अर्धा? मला निदान दीड तरी हवं. मी जरा वर घिरट्या घालतो. इंधन थोड्या वेळापुरतं आहे, मग मला पाँड इनलेटला जावं लागेल.”

“ठीक आहे.”

लीवाय तिच्या मागे उभा होता. “तू काय सांगितलंस त्याला?”

“जे आहे ते.”

“दीड सांग.”

रोडाने मान वळवली नाही.

“आजोबा, ऐक. रेजाँ डोळे मिटून उतरू शकतो इथे. एकदा खाली आला की त्याला दिवे दिसतील. तू फक्त दीड सांग. आई आत्ता आपल्या डोक्यावर आहे.”

खरंच होती. धुक्यातून इंजिनांची घरघर ऐकू येत होती, डोंगरांवर आपटून चारी बाजूंनी येत होती. बाहेर उभी असलेली सगळी माणसं वर बघत होती, आणि वर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

“त्या विमानात चोवीस माणसं आहेत,” रोडा म्हणाली.

“मला माहीत आहे कोण कोण आहे. माझ्या ओळखीची आहेत सगळी.”

“माझ्याही.”

“मग त्यातल्या एकीला मरायला घरी यायचंय.”

रोडा उठून बाहेर गेली. दिव्यांच्या रांगेकडे पाहत ती उभी राहिली. पहिला दिवा, दुसरा, तिसरा. चौथा आहे की आपल्याला वाटतोय? तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. तिला चौथा दिसायला हवा होता, पाचवा, सहावा, पलीकडचं टोकसुद्धा दिसायला हवं होतं. ती बराच वेळ उभी राहिली, इतका की पापण्यांवर दव गोठलं. मग ती आत आली.

“रेजाँ, बदल नाही.”

खरखरीतून रेजाँचा आवाज आला, “उघडेल असं वाटतं तुला? पुढच्या काही मिनिटांत?”

अंदाज सांगणं तिचं काम नव्हतं. तरी सगळे पायलट विचारायचे, आणि तीही सांगायची.

“मला डोंगर दिसत नाही,” ती म्हणाली. “मी सांगू शकत नाही.”

“तुझी आई आहे माझ्याकडे.”

“माहीत आहे.”

“सॉरी, रोडा. मी पाँडला जातो.”

आवाज पूर्वेकडे गेला आणि लहान होत संपला. लीवाय बाहेर पडला. अर्ध्या तासाने खाडीवरून वाऱ्याची झुळूक आली, धुकं मधोमध फाटलं, आणि ऊन पडलं. धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसायला लागली. रोडाने बाहेर जाऊन पाहिलं, आणि नोंद केली. दृश्यमानता: पंधरा किलोमीटर.

लीवाय स्लेज सोडवत होता. तो तिथूनच म्हणाला, “आता काय दिसतंय?”

रोडा ते कळवायला आत गेली. त्याला उत्तर नको होतं.

पाँडहून संध्याकाळी सेलिनाचा फोन आला. उयाराक तिथल्या दवाखान्यात होती. विमानातून उतरताना तिने विचारलं, बाबा कुठे आहे. सेलिना म्हणाली, येतोय. त्यानंतर म्हातारी जेवली नव्हती. पुढचं विमान तीन दिवसांनी, तेही हवा असेल तर. पाँडच्या दवाखान्यात रोग्याला एखाद-दोन रात्रींपलीकडे ठेवायची सोय नव्हती, म्हणून नर्स तिला इकालुइतच्या इस्पितळात परत पाठवायचं म्हणत होती.

रोडा लीवायच्या घरी गेली. तो अंगणात होता. त्याने स्नोमोबाईलचं इंजिन उघडलं होतं, बाजूला पेट्रोलचे डबे मांडले होते, आणि स्लेजवर प्लायवुडची पेटी बसवून झाली होती. आत माणूस आडवा झोपू शकेल एवढी.

“तू मला सांगणार होतास की नाही?” रोडाने विचारलं.

“तुझी स्नोमोबाईल तयार कर,” तो म्हणाला. “एकट्याने जाणार नव्हतो.”

रोडाने काचेच्या खोलीची चावी गावच्या विमानतळ-प्रमुखाकडे दिली. नोंद ठेवायला कुणी नाही, म्हणून काही दिवस गावाला विमान नसेल, ती म्हणाली. तो म्हणाला, जा.

पाँडपर्यंत विमानाला पाऊण तास लागतो. त्यांना एक मुक्काम लागला, तोही घाईत, स्टोव्हवर चहा करून, कपडे न काढता. आधी खाडीवरचा बर्फ, मग डोंगरांमधली लांब दरी, मग दुसऱ्या खाडीवर उतरायचं. लीवाय पुढे होता. थांबल्यावर तो पेट्रोल भरे, दोर तपासे, आणि हवं तेवढंच बोले. रोडाने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “आत्ता नको.”

पाँडच्या दवाखान्यात उयाराक खाटेवर कुशीवर झोपली होती. दोन वर्षांत ती निम्मी झाली होती. गालांवरची रेषांची गोंदणं मात्र तशीच, काळी-निळी. रोडा खाटेशी वाकली तेव्हा म्हातारीने डोळे उघडले आणि तिच्या कोटाची बाही नाकाशी धरली. बाहीला पेट्रोलचा आणि थंडीचा वास होता.

“बाबा, तू वाटेत होतास.”

“हो, पोरी.”

“किती मुक्काम?”

“एक केला. आता जाताना दोन करू. सावकाश जाऊ.”

“दोन,” उयाराक म्हणाली. हे तिला कळण्यासारखं होतं.

नर्स बेथनी न्यूफाउंडलंडकडची, तरुण, गेल्या वर्षीच आलेली. तिने दोघांना बाजूला घेतलं. “स्लेजवरून? हिची अवस्था तुम्हाला दिसतेय. वाटेत काही झालं तर तुम्ही काय कराल?”

“इथे काही झालं तर तुम्ही काय कराल?” लीवायने विचारलं. तो भांडत नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

बेथनी म्हणाली, “दुखणं कमी व्हायचं औषध देईन. आणि हात धरून बसेन.”

“औषध आमच्याबरोबर द्या. हात आम्ही धरू.”

तिने ओटावाच्या डॉक्टरला फोन लावला, बराच वेळ बोलली. मग औषध कसं द्यायचं ते रोडाला दोनदा समजावलं, आणि निघताना स्वतः बाहेर येऊन पेटीतल्या कातड्यांखाली गरम पाण्याच्या पिशव्या सरकवल्या.

त्या परतीच्या प्रवासाबद्दल गावातली माणसं अजून रोडाला विचारतात, आणि ती थोडंसंच सांगते. पहिल्या दिवशी उयाराक नुसती झोपून होती. पेटीला पुढून उघडी फट होती, तिच्यातून तिचा चेहरा दिसायचा. स्लेज लीवायच्या स्नोमोबाईलमागे होती; त्याच्या पुढून जाणारी रोडा सारखी मागे वळून पाहायची. दुपारी ते एका सुळक्याखाली थांबले, तेव्हा म्हातारी म्हणाली, “इथे ससाण्याची घरटी असतात,” आणि त्या जागेचं जुनं नाव घेतलं. रोडाने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. लीवायने ऐकलं होतं, वडिलांकडून, एकदाच.

त्यानंतर ती जागी राहिली. दरीतून जाताना ती एकेक नाव सांगत गेली. हा ओढा, तो खडक, इथे एका वर्षी कॅरिबू आलेच नाहीत आणि आम्ही कुत्री खाल्ली, इथे माझी बहीण जन्मली. ओटावात तिला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. इथे तिला कुठल्या वळणाआधी पातळ बर्फ असतो ते आठवत होतं, आणि लीवायने तिचं ऐकून एकदा वाट बदलली.

मुक्कामाला तंबूत त्यांनी तिला सीलचा रस्सा चमच्याने पाजला. तिने लीवायकडे बोट केलं.

“हा माणूस गाडी फार जोरात हाकतो. कुणाचा आहे?”

“तुझाच आहे, पोरी.”

तिने त्याला नीट न्याहाळलं. “दिसायला बरा आहे. पण जेवतो फार.”

लीवाय हसत हसत तंबूबाहेर गेला, आणि बराच वेळ आत आला नाही. तो आला तेव्हा रोडा स्टोव्ह विझवत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तुझा चहा गार झाला असेल. माझा घे.”

दोन मुक्काम करून ते आर्क्टिक बेला पोचले. गाव बर्फावर सामोरं आलं होतं. माणसांनी उयाराकचे हात हातात घेतले, पाद्र्याने प्रार्थना म्हटली. लीवायने तिला उचलून घरात नेलं, तिच्या खोलीत, तिच्या खाटेवर. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, खिडकीतून खाडी दिसत होती.

उयाराकने इकडेतिकडे पाहिलं. “हे कुणाचं घर?”

“आपलं.”

“फार गरम होतंय. आपण कधी निघायचं?”

रोडाला वाटलं होतं की दमल्यामुळे असेल, उद्या ओळखेल. दुसऱ्या दिवशीही तिने तेच विचारलं. त्या घरात ती तीस वर्षं राहिली होती, तिथेच तिने लीवायला वाढवलं होतं, आणि ते तिच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. ती पाहुण्यासारखी खाटेच्या कडेला बसायची, आपले हातमोजे मांडीवर घेऊन. रोडा भांडी घासता घासता रडली, नळ चालू ठेवून.

लीवायने पांढऱ्या कापडाचा शिकारीचा तंबू काढला आणि घरापासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याच्या खडीवर उभारला. आत फळ्या, त्यावर कातडी, कोपऱ्यात जुना सीलच्या तेलाचा दगडी दिवा. उयाराकला आत आणून बसवलं. तिने दिव्याची वात बोटाने सारखी केली, जशी करायला हवी होती तशी, आणि आडवी झाली.

“पोचलो,” ती म्हणाली.

ती तिथे आठवडाभर होती. दोघं आळीपाळीने तिच्याजवळ राहायची. औषधाने दुखणं आटोक्यात होतं. शेवटी शेवटी ती फार बोलत नसे, फक्त कुणी आत आलं की बाहीचा वास घेई. रोडाच्या मांडीवर डोकं असताना एका सकाळी तिचा श्वास लांब-लांब होत गेला आणि थांबला. लीवाय बाहेर बर्फ वितळवत होता. रोडाने त्याला लगेच हाक मारली नाही. ती जरा वेळ आईच्या केसांवरून हात फिरवत राहिली, पोरी, पोरी, असं हळू म्हणत.

जमीन अजून गोठलेली होती. कबर खणायला गावच्या पुरुषांना दोन दिवस लागले. शेवटी वर दगड रचले.

दगड रचून झाल्यावर बाकीचे गेले आणि भाऊ-बहीण टेकडीवर बसली. थर्मासमधला चहा होता, बॅनक नावाची जाड भाकरी होती. खाली धावपट्टी दिसत होती.

“लीवाय,” रोडा म्हणाली, “मी त्या दिवशी दीड सांगितलं असतं तर?”

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “उतरला असता, असं मला वाटतं. अजूनही वाटतं.”

“मलाही वाटतं,” रोडा म्हणाली. “रोज.”

“पण तुला चौथा दिवा दिसला नव्हता ना?”

“नाही.”

त्याने खाली धावपट्टीकडे पाहिलं. “तू बाहेर उभी होतीस तेव्हा मी काचेतून बघत होतो,” तो म्हणाला. “मलाही दिसला नव्हता.”

त्याने उरलेला चहा तिच्या कपात ओतला. ती प्यायली. मग ती उठली, कपड्यांवरची खडी झटकली, आणि टेकडी उतरायला लागली, कारण इकालुइतहून विमान सुटलं होतं आणि पुढच्या नोंदीची वेळ होत आली होती.